सातबाऱ्यावरचे नाव आणि शेतकऱ्याची मदत

सन २०१७ च्या जुलै महिन्यात महाराष्ट्र सरकारने शेतकऱ्यांच्या कर्जमाफीची जिल्हावार यादी प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यातील एका ओळीने वर्तमानपत्रांना चार दिवस पुरेल इतकी करमणूक पुरविली. संपूर्ण कर्जमुक्त व्हावयाच्या सुमारे ३६ लाख शेतकऱ्यांपैकी सर्वांत अधिक, म्हणजे जवळजवळ अडीच लाख, बुलढाणा जिल्ह्यातील होते; ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात राहिली नाही. मुंबईचे ८१३ शेतकरी मात्र सर्वांच्या ध्यानात राहिले. त्यांतील ६९४ खुद्द मुंबई शहर जिल्ह्यातील, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत पसरलेल्या बेटावरील, आणि उरलेले ११९ उपनगरातील. गिरगावातल्या चाळीत तुळशीची कुंडी ठेवावयाची तर गॅलरीत जागा शोधावी लागते. लालबाग-परळला जमीन चौरस फुटांनी मोजतात. अशा ठिकाणी नांगर कोण धरतो, असा सवाल विनोदाने विचारला गेला आणि मंडळी पुढच्या बातमीकडे वळली.

विनोद सोपा होता. प्रश्न तितका सोपा नव्हता. बँकेच्या हिशेबात कर्ज ज्या शाखेतून दिलेले असते त्या शाखेच्या जिल्ह्यात ते मोडते. शेत कोठे आहे हे त्या रकान्यात उमटत नाही. शिवाय मुंबईत राहणाऱ्या माणसाची शेतजमीन साताऱ्यास, रत्नागिरीस वा सिंधुदुर्गात असणे यात नवल ते काय? गिरणगावातील घर ना घर गावाशी बांधलेले आहे. तेव्हा ८१३ हा आकडा केवळ लबाडीचा पुरावा म्हणून हसण्यावारी नेणे बरोबर नव्हते. त्याने विचारलेला खरा प्रश्न असा की, सरकार जेव्हा शेतकऱ्यास मदत देते, तेव्हा शेतकरी म्हणून ते कोणास ओळखते? जो राबतो त्यास, ज्याच्या नावावर जमीन आहे त्यास, की ज्याचे बँकेत खाते आहे त्यास? बहुतेक लोक समजतात की ही तिन्ही माणसे एकच असतात. पुष्कळदा ती तीन निरनिराळी माणसे असतात, आणि क्वचित त्यांतला एक जण दादरला राहतो.

मुंबईकरास ही गोष्ट समजावयास भाड्याच्या पावतीचा दाखला पुरेसा आहे. चाळीतल्या खोलीत तीस वर्षे राहतो एक भाऊ, पावती असते दुसऱ्याच्या किंवा कैलासवासी आजोबांच्या नावे. आणि इमारत पाडून नवी बांधावयाची वेळ आली की मालक पावतीकडे पाहतो, खोलीत कोण निजतो याकडे पाहत नाही. गावाकडे पावतीच्या जागी सातबारा असतो. गावनमुना सात व गावनमुना बारा मिळून हा उतारा होतो. सातमध्ये जमीन कोणाच्या मालकीची, तिच्यावर कोणाचा बोजा, हे असते; बारामध्ये त्या साली कोणते पीक होते ते. मुंबई बेटावर सातबारा नाही. येथे मिळकतीचा उतारा असतो. तरी लालबागच्या कित्येक कपाटांत, लग्नपत्रिका आणि विम्याचे कागद यांच्या खाली, कुठल्यातरी तालुक्याच्या सातबाऱ्याची एक जीर्ण नक्कल सापडते. तिच्यावरचे नाव बहुधा वारलेल्या माणसाचे असते.

शेतकरी कोणास म्हणावे, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि तो दख्खनभर पसरला. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी करण्यात आला. त्या कायद्याने शेतकऱ्याची व्याख्या उपजीविकेवरून केली होती: ज्याचे पोट सर्वस्वी किंवा मुख्यतः शेतीवर चालते तो शेतकरी. ही व्याख्या निर्दोष नव्हती. कुळाकडून कसवून घेऊन त्यावर जगणारा जमीनदारही तिच्यात बसत असे, आणि अमुक वादी खरोखर शेतकरी आहे की नाही यावर दिवाणी कोर्टांत पुढे वर्षानुवर्षे खल झाला. तरी प्रश्न योग्य जागी विचारलेला होता. पुढे १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी तगाईची व्यवस्था केली: विहिरीसाठी, बांधबंदिस्तीसाठी, बी-बैलांसाठी सरकारी कर्ज. परंतु कर्ज म्हटले की तारण आले, आणि तारणाला जमीन लागते. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला तगाईचा दरवाजा बहुधा बंदच राहिला. मुंबई इलाख्यात १९३९ साली आणि पुन्हा १९४७ साली शेतकी कर्जदारांच्या निवारणाचे कायदे झाले. त्यांत मात्र जमीन स्वतः कसणे आणि शेतीबाहेरचे उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असणे, अशा दोन्ही कसोट्या घातल्या होत्या. आजच्या कित्येक योजनांपेक्षा त्या कसोट्या अधिक काटेकोर होत्या, असे म्हणावयास हरकत नाही.

जमीन आणि नाव यांच्यातील हे अंतर कोकणी माणसाइतके कोणी सोसले नसेल. खोतीच्या पद्धतीत राबणारा एक आणि कागदोपत्री धनी दुसरा, हीच रीत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती रद्द करणारे विधेयक मुंबईच्या कायदेमंडळात मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील हजारो शेतकरी मुंबईत येऊन कायदेमंडळावर चालून गेले. शेतकऱ्यांचा मोर्चा दक्षिण मुंबईच्या रस्त्यांवर दिसावा, ही गोष्ट त्या काळीही विसंगत वाटली नसेल. कारण त्यांतल्या अनेकांचे भाऊबंद परळ-भायखळ्याच्या गिरण्यांत होतेच. खोती रद्द करणारा कायदा अखेर १९४९ चा. त्याच्या आगेमागे, १९४८ साली, मुंबईचा कूळकायदा झाला, आणि त्यात पुढे केलेल्या दुरुस्तीने १ एप्रिल १९५७ हा दिवस कृषिदिन ठरला: त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो तिचा मालक मानला गेला. विदर्भ व मराठवाडा यांना आपापले निराळे कायदे होते.

या कायद्याने लक्षावधी कुळांना जमीन दिली हे खरे. परंतु त्याने शहरी मालकाच्या मनात एक भीतीही कायमची बसविली. जमीन कसावयास दिल्याचा कागद झाला की ती हातची गेली, ही ती भीती. परिणामी खंडाने, वाट्याने, बटईने, मक्त्याने जमीन देणे थांबले नाही. फक्त कागद करणे थांबले. आज महाराष्ट्रात दुसऱ्याची जमीन कसणारा माणूस सर्व जिल्ह्यांत भेटतो, आणि दप्तरात तो जवळजवळ कोठेच भेटत नाही. कुळाचे रक्षण करावयास निघालेल्या कायद्याने नव्या कुळाला अदृश्य केले. यात कायद्याचा हेतू वाईट होता असे नव्हे. कागदाचा स्वभावच असा की तो ज्याच्या हाती असतो त्याच्याच बाजूने साक्ष देतो.

आता आजच्या मदतीकडे वळावयास हरकत नाही. प्रधानमंत्री किसान सन्मान निधी ही योजना १ फेब्रुवारी २०१९ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि १ डिसेंबर २०१८ पासून लागू धरण्यात आली. वर्षास ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांनी, थेट बँकखात्यात. आरंभी दोन हेक्टरांपर्यंतच्या धारकांसाठी असलेली ही योजना त्याच वर्षी जूनपासून सर्व जमीनधारकांना खुली झाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नमो शेतकरी महासन्मान निधी काढून तिच्यात आणखी ६,००० रुपयांची भर घातली. तिचा पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शिर्डीच्या समारंभात वाटला गेला. बारा हजार रुपये ही रक्कम दादरच्या कुटुंबास महिन्याच्या किराण्याची वाटेल. संगमेश्वर तालुक्यातील वरकस जमिनीवर नाचणी पिकविणाऱ्या घराला तीत बियाणे, खत आणि नांगरणीची मजुरी भागवून काही उरते.

हे पैसे कोणास मिळत नाहीत याची यादी मोठी बोलकी आहे. मागील वर्षी प्राप्तिकर भरलेला कोणीही नको; महिन्यास १०,००० रुपये वा अधिक निवृत्तिवेतन घेणारा नको; चतुर्थ श्रेणी वगळता आजी-माजी सरकारी नोकर नको; व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, अभियंते, सनदी लेखापाल नकोत. म्हणजे गावी जमीन असलेल्या शिक्षित मुंबईकरास वगळावयाचा विचार सरकारने केलेलाच आहे. तरी २०२१ च्या आरंभी माहितीच्या अधिकारात जे बाहेर आले त्यावरून २० लाख ४८ हजार अपात्र व्यक्तींना १,३६४ कोटी रुपये गेलेले होते. त्यांतील निम्म्याहून अधिक प्राप्तिकर भरणारे होते, आणि अशा राज्यांच्या यादीत महाराष्ट्र पहिल्या काहींत होता. पुढे वसुलीच्या नोटिसा निघाल्या. या मंडळींपैकी सर्वांनी जाणूनबुजून फसवणूक केली असेल असे नाही. पुष्कळ ठिकाणी गावच्या कोणीतरी भराभर अर्ज भरले, खातेक्रमांक मागितले, आणि शहरातल्या पुतण्याने ते विचार न करता कळविले. परंतु अज्ञान म्हणून सोडून द्यावे अशी ही गोष्ट नाही. आपण कर भरतो हे ठाऊक नसलेला माणूस अजून जन्मावयाचा आहे.

मात्र या योजनेतला खरा घोटाळा अपात्रांनी घेतलेल्या पैशांपेक्षा पात्रांना न मिळालेल्या पैशांत आहे, आणि तेथे शहरातल्या घरांचा हात अधिक लागलेला असतो, तोही नकळत. समजा, संगमेश्वर तालुक्यातील एका गावी दीड हेक्टर जमीन आहे आणि सातबाऱ्यावर आजोबांचे नाव आहे. आजोबा वारून पंचवीस वर्षे झाली. थोरला मुलगा गिरणीत लागला व लालबागला राहिला. त्याचा मुलगा आज दादरला असतो, कचेरीत आहे, कर भरतो. मधला सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन गिरगावात आहे. मुलगी परळला दिली. धाकटा गावीच राहिला, त्याने आयुष्यभर ती जमीन कसली, आणि तोही आता नाही. त्याची विधवा आणि तिचा मुलगा भात लावतात. या घरात सरकारी मदत कोणास मिळेल? दादरच्या नातवाला नाही, तो कर भरतो. गिरगावच्या काकांना नाही, ते निवृत्तिवेतन घेतात. आणि गावच्या काकूंनाही नाही. कारण सातबाऱ्यावर त्यांचे नावच नाही. मदत द्यावयास सरकार तयार, घ्यावयास योग्य माणूस हजर, आणि मध्ये एक दिवंगत नाव आडवे पडलेले.

वारसनोंद नावाचे जे काम आहे ते न झाल्याने हे घडते. काम अवघड नाही. एका वारसाने अर्ज केला तरी चालतो. मृत्यूचा दाखला व सर्व वारसांची नावे-पत्ते लागतात. तलाठी फेरफाराची नोंद धरतो, पंधरा दिवसांची नोटीस निघते, कोणाची हरकत नसेल तर मंडल अधिकारी ती मंजूर करतो. परंतु आजोबांच्या मृत्यूचा दाखला दादरच्या कपाटात असतो, आत्याच्या नावावरून कुरबूर असते, आणि ‘गणपतीला आल्यावर पाहू’ असे म्हणण्यात वर्षे सरतात. योजनेसाठी जमिनीच्या धारणेची तारीख १ फेब्रुवारी २०१९ ठरविली आहे. त्या तारखेनंतर विकत घेतलेल्या जमिनीवर लाभ नाही, पण वारसाने आलेल्या जमिनीला ही आडकाठी नाही. म्हणजे उशिरा केलेली वारसनोंदही फुकट जात नाही. एकदा नाव लागले की सामाईक खात्यातील स्वतःच्या हिश्श्यावर त्या काकूंना स्वतंत्र कुटुंब म्हणून पैसे मिळू शकतात. पीककर्जाला मात्र बँक इतर हिस्सेदारांची संमती मागते, आणि वाटप करून घ्यावयाचे तर महसूल संहितेच्या ८५ व्या कलमाखाली तहसीलदारापुढे सर्वांच्या सह्या लागतात. तेथे पुन्हा मुंबईची वाट पाहणे आले.

स्त्रियांची बाब येथे निराळी सांगितली पाहिजे. वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, देशाने २००५ साली. पत्नीचे नाव सहधारक म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची मुभा १९९२ पासून आहे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्ती या नावाने जी मोहीम काढली होती तिचे ते फळ. कागद असा अनुकूल आहे. प्रत्यक्षात लावणी, बेणणी, कापणी या कामांत बाईचा वाटा अर्ध्याहून कमी क्वचितच असतो आणि उताऱ्यावर तिचे नाव क्वचितच असते. याचे सर्वांत कठोर रूप आत्महत्याग्रस्त कुटुंबात दिसते. २००६ पासून अशा कुटुंबास शासनाकडून एक लाख रुपयांचे साह्य देण्याची व्यवस्था आहे. पण पात्र ठरावयास कुटुंबाच्या नावे जमीन आणि थकलेले कर्ज यांचे कागद लागतात. दुसऱ्याची जमीन वाट्याने करणारा आणि सावकाराकडून तोंडी बोलीवर पैसे घेणारा मनुष्य मेला, तर त्याची बायको सरकारी दृष्टीने शेतकऱ्याची विधवा होत नाही.

कर्जमाफीची गोष्ट आता थोडक्यात उरकता येते, कारण तत्त्व तेच आहे. माफी ज्याला कर्ज मिळाले त्याला मिळते, आणि संस्थेचे कर्ज ज्याच्या नावे जमीन त्याला मिळते. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीने दोन हेक्टरांपर्यंतच्या शेतकऱ्यास पूर्ण माफी आणि त्याहून मोठ्यास अंशतः सूट दिली. कागदावर हे गरिबाच्या बाजूचे दिसे. परंतु पाटाच्या पाण्यावर ऊस घेणारा चार एकरांचा धनी आणि यवतमाळच्या कोरडवाहू रानात कपाशी पेरणारा सात एकरांचा धनी यांत गरीब कोण, हे हेक्टर सांगू शकत नाही. कपाशीवाला रेषेच्या पलीकडे राहिला. महालेखापरीक्षकांच्या २०१३ च्या अहवालात दोन्ही प्रकारचे दोष नोंदले गेले: अपात्रांना माफी मिळाली आणि पात्र सुटून गेले. २०१७ ची योजना पुणतांब्याहून १ जूनला सुरू झालेल्या शेतकरी संपानंतर, २४ जून रोजी, ३४,०२२ कोटींची म्हणून जाहीर झाली. मर्यादा दीड लाख रुपयांची. प्रत्यक्षात तितका खर्च झाला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले योजनेत मर्यादा दोन लाखांची झाली, आधार क्रमांकाची जोड आवश्यक ठरली आणि प्राप्तिकर भरणाऱ्यांना आरंभीच वगळण्यात आले. मुंबईच्या त्या ८१३ जणांवरून झालेल्या थट्टेचा इतका तरी उपयोग झाला असावा.

शेतीकर्ज या शब्दाखाली शहरात कायकाय मोडते ते पाहिले तर मात्र ८१३ लहान माणसांवर हसणाऱ्यास थोडे थांबावे लागेल. बँकांनी आपल्या कर्जांचा ठरावीक हिस्सा शेतीस द्यावा असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. कालांतराने शेतीच्या व्याख्येत गोदामे, शीतगृहे, शेतमालावर प्रक्रिया करणारे कारखाने आणि खते-कीटकनाशकांचे विक्रेते यांनाही निरनिराळ्या मर्यादांपर्यंत स्थान मिळाले. परिणाम असा की महाराष्ट्रातील शेतीकर्जाचा फार मोठा भाग महानगरांतील शाखांतून जातो. पत्रकार पी. साईनाथ यांनी दाखवून दिले आहे की, नाबार्डच्या महाराष्ट्रासाठी आखलेल्या पतआराखड्यात एका वर्षी निम्म्याहून अधिक वाटा मुंबई शहर व उपनगर यांच्याच नावे होता. शीतगृह नको असे कोणी म्हणणार नाही. पण फोर्टमधील कचेरीला दिलेले कोट्यवधींचे कर्ज आणि जतच्या शेतकऱ्याला दिलेले पन्नास हजार हे दोन्ही एकाच मथळ्याखाली मोजले गेले, म्हणजे शेतकऱ्याला पुष्कळ दिले असे वाचणाऱ्यास वाटते आणि शेतकऱ्याला ते दिसत नाही.

खताचे अनुदान या सर्वांहून वेगळ्या वाटेने जाते, आणि ही वाट चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्सच्या चिमण्यांवरून जात असल्याने मुंबईकरास जवळची आहे. ४५ किलोंची युरियाची गोणी शेतकऱ्यास सुमारे २६६ रुपयांना मिळते. ती तयार करावयास वा आणावयास त्याच्या कित्येक पट खर्च येतो. मधली रक्कम सरकार कारखान्यास देते. तीही दुकानात अंगठ्याचा ठसा घेऊन विक्री झाल्याची नोंद झाल्यावर. २०२२-२३ साली, युक्रेनच्या युद्धाने भाव चढले असता, देशभरातील खतावरील हा खर्च अडीच लाख कोटींवर गेला. अर्थशास्त्री या अनुदानास नावे ठेवतात आणि त्यांची कारणे सबळ आहेत: जो अधिक ओततो त्याला अधिक मिळते, बागायतदाराला कोरडवाहूपेक्षा कितीतरी जास्त, आणि जमीन खराब होते ती निराळीच. तथापि एक गोष्ट त्यांच्या कोष्टकात येत नाही. दुकानदार सातबारा मागत नाही. वाटेकरी, बटईदार, नवऱ्यामागे शेत सांभाळणारी बाई, कोणीही गोणी त्याच भावाने नेऊ शकते. शेतकऱ्यासाठी निघालेल्या मोठ्या मदतींपैकी राबणाऱ्याच्या हाती नावाची चौकशी न करता पडणारी ही बहुधा एकटीच. विजेचे तसे नाही. महाराष्ट्राने २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना वीज मोफत केली. पण आधी विहीर हवी, मग पंप हवा, मग जोडणी हवी, आणि जोडणी पुन्हा नावावर.

पीकविम्यात वाटेकऱ्यास नियमाने जागा आहे, फक्त त्याने नोंदणीकृत भाडेकरार दाखविला पाहिजे. कूळकायद्याच्या भीतीने मालक तो करीत नाही. त्यामुळे २०२३ साली महाराष्ट्राने एक रुपयात विमा सुरू केला तेव्हा एक चमत्कारिक दृश्य दिसले: खऱ्या वाटेकऱ्याचे पीक विम्याबाहेर, आणि दुसऱ्याच्या किंवा सरकारी जमिनीवर काढलेले खोटे विमे लाखोंच्या संख्येने आत. २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची ती सवलत बंद होऊन शेतकऱ्याने पूर्वीप्रमाणे हप्त्याचा आपला वाटा भरावा असे ठरले.

हा गुंता केवळ महाराष्ट्राचा नाही. १९३३ साली अमेरिकेत रूझवेल्ट सरकारने कपाशीचे भाव सावरण्यासाठी पेरा कमी करणाऱ्यास पैसे दिले. पैसे मळ्याच्या मालकाकडे गेले; त्यांतला वाटेकऱ्याचा हिस्सा अनेकांनी दिला नाहीच, उलट पेरा कमी झाल्याने वाटेकऱ्यांना जमिनीवरून काढले. त्यातून १९३४ मध्ये आर्कान्सास संस्थानात गोऱ्या-काळ्या वाटेकऱ्यांचा एकत्र संघ उभा राहिला. आपल्याकडे तेलंगणाने २०१८ मध्ये एकरी मदतीची रयतुबंधू योजना काढली, तीत कुळांना जागा नव्हती. त्याच सुमारास ओडिशाने काढलेल्या कालिया योजनेत वाटेकरी व भूमिहीन मजूर यांनाही घेतले. भूमिहीनाची यादी करणे सातबारा छापण्याइतके सोपे नाही आणि तीतही अपात्र घुसले. पण अशी यादी करता येते, इतके त्यावरून सिद्ध झाले.

खुद्द मुंबई बेटावर अन्न मिळविणारी जी जुनी वस्ती उरली आहे, ती कोळ्यांची. वरळी, माहीम, कुलाबा येथील यांत्रिक होड्यांना डिझेलवरील कराचा परतावा सहकारी संस्थांमार्फत मिळतो, आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा दिला. परतावा होडीच्या मालकास असतो. होडीवरच्या खलाशाचे नाव त्या कागदावर असावयाचे कारण नाही, आणि टोपलीत मासळी घेऊन दारोदार फिरणाऱ्या कोळणीचे तर नाहीच. समुद्रावर सातबारा नसला तरी त्याचा भाऊबंद आहेच.

१९७०-७१ साली महाराष्ट्रात सुमारे ५० लाख वहिवाटी होत्या आणि सरासरी क्षेत्र ४.२८ हेक्टर होते. २०१५-१६ च्या कृषिगणनेत वहिवाटी दीड कोटीवर गेल्या आणि सरासरी १.३४ हेक्टरांवर आली. जमीन तीच, वाटेकरी वारस तिप्पट झाले. दर पिढीमागे काही वारस मुंबईस येतात. १९८२ च्या संपानंतर काही परत गेले, आणि आपल्या नावाच्या जमिनीवर दुसऱ्याचा घाम पडलेला त्यांनी पाहिला. २०२१ पासून पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः बांधावर उभे राहून, फोनने छायाचित्र काढून करावयाची असते. आता जमिनीशी जोडलेला शेतकरी ओळख क्रमांकही काढावा लागतो. तो क्रमांक सातबाऱ्यावर नाव असलेल्यालाच मिळतो. संगमेश्वरच्या त्या काकूंजवळ फोन आहे, त्या बांधावर उभ्या आहेत, पीकही समोर आहे. त्यांना लागणारा दाखला दादरच्या कपाटात, विम्याच्या कागदांखाली आहे.